इंग्रजीतील तीव्र इच्छावाचक शब्द : अर्थांतराचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

शब्दांना अर्थ असतो तसा इतिहासही असतो, आणि इतिहास बाजूला ठेवून केवळ अर्थ शिकवला तर जुने ग्रंथ चुकीचे वाचले जातात. 'डिझायर', 'लस्ट', 'लाँग', 'यर्न', 'क्रेव्ह', 'कव्हेट' आणि 'वॉन्ट' हे इंग्रजीतील इच्छावाचक शब्द होत. आपल्या वर्गांत या सर्वांसमोर बहुधा 'इच्छा असणे' किंवा 'तीव्र इच्छा असणे' एवढाच मराठी पर्याय ठेवला जातो. आजचे इंग्रजी वाचताना तेवढ्यावर निभावते. परंतु १६११ चा बायबल-अनुवाद किंवा १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा वाचताना अर्थाचा अनर्थ होऊ शकतो. यांपैकी काही शब्दांच्या अर्थांतराचा मागोवा घेणे व त्यामागील सामाजिक कारणे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१. 'मला' पासून 'मी' पर्यंत

मराठीत 'मला हवे आहे', 'मला तहान लागली' अशी वाक्यरचना असते. इच्छा करणारी व्यक्ती येथे कर्त्याच्या जागी न येता चतुर्थीत येते. जणू इच्छा ही तिला होणारी गोष्ट आहे. प्राचीन इंग्रजीतही हीच रचना रूढ होती. इच्छा, भूक, तहान, ओढ व्यक्त करताना वाक्याचा आरंभ 'मी' ने न होता 'मला' या अर्थाच्या रूपाने होत असे. 'लाँग' या क्रियापदाचा संबंध 'लांब' या अर्थाच्या शब्दाशी आहे. ज्याची ओढ लागते त्याच्यावाचून काळ लांबतो, ही त्यामागील कल्पना. मध्ययुगाच्या अखेरीपर्यंत ही रचना मागे पडली आणि इच्छा करणारा मनुष्य वाक्याचा कर्ता झाला. 'मिथिंक्स' म्हणजे 'मला वाटते' हा जुनाट प्रयोग त्या रचनेचा अवशेष होय.

२. 'लस्ट' : अनुवादातून घडलेले पाप

प्राचीन इंग्रजीत 'लस्ट' म्हणजे आनंद, आवड, इच्छा. त्यात निंदेचा भाव आवश्यक नव्हता. जर्मन भाषेत हाच शब्द आजही 'आनंद' व 'इच्छा' या अर्थांनी सर्रास वापरला जातो. इंग्रजीतील 'लिस्टलेस' हे विशेषणही याच शब्दकुळातील असून त्याचा मूळ आशय 'ज्याला कशाचीच इच्छा उरलेली नाही असा' हा आहे.

या शब्दाचा अर्थसंकोच होण्यात बायबलच्या इंग्रजी अनुवादांचा वाटा मोठा आहे. नव्या कराराच्या मूळ ग्रीक संहितेत 'एपिथुमिया' हा तीव्र इच्छेचा व्यापक शब्द येतो. १६११ च्या अनुवादात मनुष्याच्या पापमय इच्छेसाठी त्याचे भाषांतर बहुधा 'लस्ट' असे केले आहे. मात्र लूकच्या शुभवर्तमानात अखेरच्या भोजनापूर्वी येशू स्वतःची उत्कट इच्छा बोलून दाखवतो तेथे त्याच ग्रीक शब्दासाठी 'डिझायर' हा शब्द योजला आहे. मुळात एक असलेला शब्द अनुवादात नीतीच्या निकषावर दुभंगला. तरीही जुना अर्थ पूर्णपणे लोपला नव्हता. गलतीकरांस पत्राच्या याच अनुवादात देह आणि आत्मा यांच्या परस्परविरोधी ओढींसाठी मिळून 'लस्ट' हे एकच क्रियापद आले आहे. ते केवळ कामवासनेपुरते घेतल्यास वाक्य निरर्थक ठरते.

मराठी वाचकाला हा प्रकार अपरिचित वाटू नये. दार्शनिक परिभाषेत 'वासना' म्हणजे चित्तावर उरलेला संस्कार. 'अन्नावर वासना नाही' असे आजारी माणसाविषयी आपण सहज म्हणतो. वृत्तपत्रीय मराठीत मात्र हा शब्द जवळजवळ कामवासनेपुरता उरला आहे.

३. 'क्रेव्ह' आणि 'कव्हेट'

'क्रेव्ह' चा मूळ अर्थ हक्काने मागणे असा होता. स्कॉटलंडच्या न्यायालयीन भाषेत दाव्यातील मागणीसाठी हा शब्द आजही वापरला जातो. पुढे मागणीची विनवणी झाली आणि विनवणीतून शरीर-मनाची अनावर ओढ हा अर्थ रूढ झाला. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत 'क्रेव्हिंग' हा व्यसनविकाराच्या निकषांपैकी एक ठरला. न्यायालयातला शब्द अशा रीतीने रुग्णालयात पोहोचला.

'कव्हेट' फ्रेंचमधून आला व दहा आज्ञांपैकी शेवटच्या आज्ञेमुळे परधनाच्या लोभाशी जोडला गेला. आज मात्र 'कव्हेटेड' हे विशेषण मानाच्या पुरस्काराला लावले जाते. क्रियापदात दोष आणि विशेषणात गौरव, अशी त्याची स्थिती आहे.

प्रयोगाच्या दृष्टीनेही एक भेद ध्यानात ठेवावा. 'लाँग' व 'यर्न' यांना इष्ट वस्तूपूर्वी 'फॉर' लागतो. 'डिझायर' व 'कव्हेट' ही क्रियापदे थेट कर्म घेतात.

४. 'वॉन्ट' : अभाव की इच्छा?

आज सर्वाधिक वापरात असलेला हा शब्द स्कँडिनेव्हियन वसाहतकारांच्या भाषेतून इंग्रजीत आला. त्याचा मूळ अर्थ 'उणे असणे'. 'इच्छा असणे' हा अर्थ अठराव्या शतकात रुळला. जे उणे असते ते हवेसे वाटते. या वाटेने शब्द अभावाकडून इच्छेकडे सरकला. म्हणूनच १६११ च्या अनुवादातील तेविसाव्या स्तोत्रात भक्त 'मला काही नको' असे म्हणत नसून 'मला काही उणे पडणार नाही' असे म्हणतो.

जुना अर्थ विसाव्या शतकातही जिवंत होता. ६ जानेवारी १९४१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी चार स्वातंत्र्ये मांडली. त्यांतील तिसरे 'वॉन्ट' पासूनचे होते. ब्रिटनमध्ये १९४२ च्या बेव्हरिज अहवालाने समाजापुढील पाच राक्षसांत 'वॉन्ट' ची गणना केली. १० डिसेंबर १९४८ च्या जाहीरनाम्याच्या उद्देशिकेतही हा शब्द आहे. या ठिकाणी 'इच्छेपासून मुक्ती' असे भाषांतर केले तर राज्यसंस्थेवरील आर्थिक जबाबदारीचे रूपांतर व्यक्तीच्या वैराग्यात होईल. भुकेल्याला अन्न मिळावे या मागणीऐवजी त्याने अन्नाची इच्छा सोडावी, असा उपदेश वाचला जाईल. येथे 'वानवा', 'विवंचना' किंवा 'दारिद्र्य' हेच पर्याय योग्य होत.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, कोणती इच्छा पाप, कोणती हक्क, कोणती विकार आणि कोणती गरज, हे ठरविण्यात धर्म, न्याय, वैद्यक व राजकारण यांचा सहभाग राहिला आहे आणि त्या निवाड्यांच्या खुणा शब्दांवर उमटल्या आहेत. म्हणून अध्यापकाने अशा शब्दाचा अर्थ सांगताना उताऱ्याचा काळही सांगावा. इतिहास व राज्यशास्त्राच्या अध्यापकांनाही हे तितकेच लागू आहे. कारण 'वॉन्ट' या एका शब्दाच्या चुकीच्या पर्यायाने गरिबाचा हक्क त्याचा मोह ठरू शकतो.