समोर उभा राहणारा सोबती

सामुदायिक कवायत म्हटली की हुकूम सोडणारा लष्करी नाईक डोळ्यांपुढे येतो. आज आम्हाला बोलावयाचे आहे ते निराळ्या माणसाविषयी. सकाळी कामाला हात लावण्यापूर्वी जो आपल्याच सोबत्यांपुढे उभा राहतो आणि हात वर करतो, तो हा माणूस. त्याचा माग काढीत गेले की आपण जपानात पोचतो.

कथेचा उगम मात्र अमेरिकेतला. 1925 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने आपल्या मनोऱ्यावरून नभोवाणीने सकाळची कवायत सुरू केली. विमेदार जितका अधिक जगेल तितके कंपनीला बरे. हिशेब उघड आहे, आणि त्यात लाजण्यासारखेही काही नाही. जपानच्या टपाल विम्याच्या अधिकाऱ्यांनी ही कल्पना उचलली. सम्राट हिरोहितोंच्या राज्यारोहण समारंभाचे निमित्त साधून 1 नोव्हेंबर 1928 रोजी टोकियोहून 'राजिओ ताइसो', म्हणजे नभोवाणीची कवायत, सुरू झाली. पियानोचे सूर आणि एगी रिइची यांचा आवाज. पण आवाजाला हातपाय नसतात! गुडघा किती वाकवावा हे ऐकून कसे कळावे? टपालाच्या माणसांनी चित्रांची पत्रके वाटली, करूनही दाखविले. आणि शाळांतून, कारखान्यांतून, कचेऱ्यांतून कोणी ना कोणी पुढे उभा राहू लागला.

पुढची हकीकत इतकी गोड नाही, पण ती टाळून चालणार नाही. युद्ध पेटले तशी ही कवायत राष्ट्रसेवेची हजेरी बनली. 1939 साली निघालेल्या तिसऱ्या कवायतीला तर 'महान जपान राष्ट्रीय कवायत' असेच नाव मिळाले. आपल्या शेजाऱ्याचे पाहून हात उचलणे वेगळे, आणि तो उचलला की नाही हे शेजारी पाहतो म्हणून उचलणे वेगळे. पराभवानंतर 1946 साली नवी कवायत आली, पण ती 1947 मध्येच बंद पडली. एका आवाजासरशी हलणारा जनसमुदाय जेत्यांच्या डोळ्यांत सलल्यावाचून कसा राहील?

1951 साली कवायत पुन्हा सुरू झाली, साधीसुधी, तीनएक मिनिटांची. 1952 साली आलेली दुसरी कवायत तर मुद्दाम कामकरी मंडळींसाठी रचलेली. योगायोग असा की, कामाच्या जागी शरीर हलते की नाही याला किती मोल आहे, हे 1953 साली लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी दाखवून दिले. दुमजली बसचा जिना दिवसभर चढउतार करणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार कमी, आणि त्याच बसच्या बैठ्या ड्रायव्हरांत अधिक.

जपानातील कित्येक कारखान्यांत व बांधकामांवर ही कवायत आजही चालते. पुढे उभ्या राहणाऱ्याला त्यासाठी एक गोष्ट निराळी शिकावी लागते. त्याचे तोंड सोबत्यांकडे असते. त्यांनी उजवा हात उचलावा म्हणून त्याला आपला डावा उचलावा लागतो.