पंचगंगा : पुराची पूर्वसूचना व नदीकाठची सुरक्षितता

कोल्हापूर जिल्ह्यातील पंचगंगेच्या पातळीवर लक्ष ठेवून पुराचा अंदाज बांधण्याची आणि काठची गावे वेळेत हलवण्याची व्यवस्था. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांचे पाणी प्रयाग चिखलीजवळ एकत्र येते (पाचवी सरस्वती लोकश्रद्धेतली, गुप्त). पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते.

पातळी मोजण्याचे मुख्य ठिकाण म्हणजे कसबा बावड्याचा राजाराम बंधारा. येथे ३९ फूट ही इशारा पातळी, तर ४३ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि जुलै २०२१ मध्ये त्याहीपुढे.

अंदाज केवळ नदीकडे पाहून बांधता येत नाही. गगनबावडा आणि राधानगरीच्या डोंगरात किती पाऊस पडला, धरणांतून किती विसर्ग सुरू आहे आणि किती बंधारे पाण्याखाली गेले, हे तिन्ही एकत्र वाचावे लागते. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे धरण भरले की आपोआप उघडतात. तिथे कोणाच्या हुकमाची वाट पाहिली जात नाही. म्हणूनच दरवाजा उघडल्याची बातमी भोगावतीकाठी विशेष लक्ष देऊन ऐकली जाते. खाली शिरोळ तालुक्यात गणित आणखी बदलते. कृष्णा आधीच तुडुंब असेल, तर पंचगंगेला पुढे वाट मिळत नाही आणि पाणी मागे फुगते. राजाराम बंधाऱ्यावर उतार दिसू लागला तरी शिरोळची शिवारे पाण्याखालीच राहू शकतात. कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाच्या पाणीसाठ्यावरून महाराष्ट्र आणि कर्नाटकात जो वाद होतो, त्यातही या फुगवट्याचाच मुद्दा असतो.

आकडा जिल्ह्याचा असला तरी निर्णय उंबऱ्यावर घ्यावा लागतो. मागच्या पुरात अमुक फुटाला पाणी आपल्या गोठ्यापर्यंत आले, ही खूण ज्याने भिंतीवर करून ठेवली, त्याला इशाऱ्याचा अर्थ लगेच कळतो. चिखली, आंबेवाडीसारख्या गावांत स्थलांतर लवकर सुरू होते. माणसे मागे राहतात ती बहुधा दुभत्या जनावरांपायी. त्यामुळे जनावरांसाठी उंचावरची जागा आणि वैरण आधीच ठरवलेली नसेल, तर नुसती दवंडी फारशी कामाची नाही.

उशीर कसा जिवावर बेततो हे ८ ऑगस्ट २०१९ रोजी शेजारच्या सांगली जिल्ह्यात दिसले. कृष्णाकाठच्या ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली आणि अनेक जण बुडाले. रस्ता उघडा असतानाच, दिवसाउजेडी निघणे हाच खरा बचाव. निघताना विजेचा मुख्य स्विच बंद करावा. पाणी वाहत असलेल्या पुलावर दुचाकी घालू नये. मदतीसाठी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि तातडीचा ११२ हे क्रमांक आहेत.

पाणी ओसरताना मातीच्या भिंती खचतात आणि घरात साप, विंचू निघतात. विहिरीचे पाणी निर्जंतुक केल्याशिवाय पिऊ नये.