अंगावरची अक्षरे

माझी भाची इंदूरला असते. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत अधिकारी व्हावे अशी तिची आकांक्षा असून त्या परीक्षेच्या तयारीत ती सध्या गढलेली आहे. गेल्या पावसाळ्यात तिचे मला पत्र आले. "मामा, तुम्ही संस्कृत घेऊन एम. ए. झालात. मला हातावर 'शील' हा शब्द गोंदवून घ्यायचा आहे. तो कसा लिहावा आणि नेमका कोठे गोंदवावा, एवढे दोन ओळींत कळवा." दोन ओळींत उत्तर देणे हे वीस वर्षे सरकारी टिपणे लिहिणाऱ्या माणसाला जमणारे काम नव्हे. शिवाय प्रश्न दिसला तितका लहान नव्हता. माणसाच्या कातडीवर अक्षर कोणी लिहावे, कशासाठी लिहावे आणि ते लिहिण्याचा अधिकार कोणाचा, हा आपल्या देशात बराच जुना वादाचा विषय आहे.

प्रथम माझ्या आईचे हात माझ्या डोळ्यांपुढे आले. उजव्या हातावर तुळशीवृंदावन, डाव्या हातावर स्वस्तिक, हनुवटीवर तीन ठिपके. गोंदणारीण दारी आली म्हणजे काजळीत पाल्याचा रस कालवी, सुयांची जुडी हातात घेई आणि गाणे म्हणत टोचीत राही. मेल्यावर अंगावरचा फुटका मणीसुद्धा उतरवून घेतात, बरोबर येते ते गोंदण, अशी आपल्या बायकांची श्रद्धा. पण एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. त्या गोंदणात ठिपके होते, रेघा होत्या, गोपद्मे होती. अक्षर मात्र एकही नव्हते. बैगा, गोंड या जमातींच्या स्त्रियांची पाठ, पाय, हात गोंदणाने भरून गेलेले असतात, तेथेही तेच. ज्यांना लिहिणे-वाचणे शिकू दिले नाही, त्यांनी आपली लिपी निराळीच केली असे म्हणावेसे वाटते. जत्रेत यंत्र घेऊन बसलेला गोंदणारा, दंडावर मित्राचे किंवा मनगटावर नवऱ्याचे नाव, हा प्रकार फार अलीकडचा. विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचे पेटंट न्यूयॉर्कच्या ओरायली नावाच्या कारागिराने घेतले ते 1891 साली.

मग शास्त्रात, म्हणजे संस्कृत ग्रंथांत, शरीरावरील खुणेबद्दल काय आहे? माझ्या भाचीला ऐकून नवल वाटले, पण संस्कृत वाङ्मयात अंकन हा शब्द भेटतो तो बहुधा दोन ठिकाणी: गुरांच्या संदर्भात आणि गुन्हेगारांच्या. पाणिनीच्या अष्टाध्यायीत एक सूत्र आहे. गुरांच्या कानावर मालकीची खूण करीत, तिच्यावरून त्या गुराला जे नाव पडे त्यात कोणता स्वर दीर्घ होतो, एवढेच सांगणे हा सूत्राचा हेतू. पण ओघात पाणिनीने खुणांची यादीच देऊन टाकली आहे. पाच, आठ, मणी, स्रुवा, स्वस्तिक! ऋग्वेदातही 'अष्टकर्णी' गाई येतात. ही खूण आठ या आकड्याची होती की नुसत्या रेघांची, यावर विद्वानांचे एकमत नाही. व्याकरणाचा ग्रंथ वाचताना गोठ्याचा वास यावा, हे भाग्य पाणिनीच्याच वाचकाला लाभते.

गुन्हेगारांची गोष्ट इतकी निष्पाप नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात महापातक्यांच्या कपाळावर डाग देण्यास सांगितले आहे. मद्यप्यास कलालाच्या दुकानावरील ध्वजाची खूण, चोरास कुत्र्याच्या पायाची, ब्रह्मघातक्यास मस्तकविरहित पुरुषाची. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही जवळजवळ हीच व्यवस्था आहे, आणि तेथे ती ब्राह्मण अपराध्यासाठी आहे. देहदंड देता येत नाही, म्हणून कपाळावर खूण करून त्याला देशाबाहेर घालवावयाचे. येथेही खूण चित्राची आहे. रस्त्यावरच्या निरक्षर माणसालाही ती वाचता आली पाहिजे, हा तिचा उद्देशच होता.

वैष्णव संप्रदायांनी हीच तापलेली मुद्रा उचलली आणि तिचा अर्थ पार पालटून टाकला. श्रीवैष्णवांच्या पाच संस्कारांतील पहिला 'ताप'. दीक्षा घेणाऱ्याच्या उजव्या खांद्यावर चक्र आणि डाव्या खांद्यावर शंख तप्त मुद्रेने उमटवितात. माध्व संप्रदायात आषाढी एकादशीला मठांतून तप्तमुद्रा घेण्याची चाल आजही चालू आहे. आपल्याकडच्या वारकऱ्याने गोपीचंदनाच्या थंड मुद्रांवर भागविले, हे त्याच्या एकंदर स्वभावाला धरूनच झाले. डाग तोच, पण मनुस्मृतीत तो राजाने दिलेला आणि येथे भक्ताने मागून घेतलेला. माझ्या मते गोंदणाच्या साऱ्या इतिहासाची नाडी या एका फरकात सापडते.

कपाळावर अक्षरे आली ती मात्र कंपनी सरकारच्या अमदानीत. बंगालमध्ये 1797 साली केलेल्या नियमांनी जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर 'गोदना' करण्याची शिक्षा रूढ झाली. गुन्ह्याचे नाव आणि शिक्षेची तारीख, स्थानिक भाषेत, कायमच्या निळ्या अक्षरांत. मद्रास इलाख्यातही ही पद्धत चालली. कैदी समुद्रापार पाठवावयाचा, तो पळून आला तर ओळखू यावा, हा हिशेब. कैद्यांनी त्यावर साधा उपाय काढला; पागोटे भुवयांपर्यंत ओढून ते वावरू लागले. अखेर 1849 साली कायदा करून ही प्रथा बंद करण्यात आली. पुढे हुगळीच्या बाजूला विल्यम हर्शेलने 1858 साली एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला, 1897 साली कलकत्त्यास अंगुलिमुद्रांची कचेरी निघाली, आणि सरकारला माणसाच्या अंगावर लिहिण्याची गरज उरली नाही; त्याच्या अंगावर निसर्गाने जे लिहिले होते तेच वाचावयाचे.

सरकारी नोकर म्हणून हा इतिहास संपला असे लिहिण्याची मला फार इच्छा होती. परंतु डिसेंबर 1993 मध्ये अमृतसरला पोलिसांनी चार स्त्रियांच्या कपाळावर 'जेबकतरी', म्हणजे खिसेकापू, हा शब्द गोंदविला. स्त्रियांना न्यायालयात हजर करताना तो झाकण्याचा प्रयत्न झाला, तरी तो उघडकीस आलाच. दोषी पोलिसांना पतियाळाच्या विशेष न्यायालयाने शिक्षा दिली ती 2016 साली, तेवीस वर्षांनी. तोवर एक स्त्री आरशात पाहताना रोज काय वाचीत असेल, याचा विचार मी भाचीच्या पत्राला उत्तर लिहिताना केला आणि ते उत्तर दोन दिवस लांबले.

याच्या अगदी उलट टोकाला छत्तीसगडातले रामनामी आहेत. 1890 नंतरच्या दशकात चारपारा या गावच्या परशुराम नावाच्या पुरुषाने या पंथाची सुरुवात केली. महानदीच्या काठच्या, त्या काळी अस्पृश्य गणल्या गेलेल्या लोकांचा हा पंथ. देवळाची पायरी चढू देत नाहीत, मूर्तीचे दर्शन होऊ देत नाहीत. तेव्हा त्यांनी रामाचे नावच अंगावर घेतले. कपाळावर असेल तो शिरोमणी, सर्व कपाळभर असेल तो सर्वांग, नखापासून शेंडीपर्यंत असेल तो नखशिख रामनामी. पापण्यांपर्यंत रामराम, रामराम. डोक्यावर मोरपिसांचा मुकुट, अंगावर रामनाम छापलेली ओढणी, आणि दरवर्षी थंडीत भरणारा भजनमेळा. मूर्ती नाही, पुजारी नाही. 'र', काना आणि 'म', एवढ्याच सामग्रीवर त्यांनी असे देऊळ बांधले की ज्याच्या दारात कोणाला उभे करून परत पाठविता येत नाही. नवी पिढी पोटासाठी शहरात जाते; ती सर्वांगावर गोंदवीत नाही, हातावर किंवा छातीवर एखादे नाव घेते. नखशिख रामनामी आता मोजकेच, आणि तेही वृद्ध.

एवढे सांगून झाल्यावर भाचीच्या मूळ प्रश्नाकडे वळणे भाग होते. 'शील' कसा लिहावा? संस्कृत ही काही एका लिपीला बांधलेली भाषा नव्हे. काश्मीरचा पंडित ती शारदेत लिही, तामिळनाडूचा ग्रंथ लिपीत. 806 साली कूकाई नावाचा भिक्षू चीनमधून जपानला परतला, तेव्हापासून तेथे सिद्धम् लिपीतील बीजाक्षरे रुजली. स्मशानातील लाकडी फळ्यांवर ती अजूनही लिहिली जातात. संस्कृत म्हणजे देवनागरी हे समीकरण छापखान्याने पक्के केले, आणि त्यात आपल्या मुंबईच्या निर्णयसागराचा वाटा मोठा आहे. तरी देवनागरीतही एकवाक्यता कोठे आहे? 2000 साली इंग्लंडच्या बेकहॅम या फुटबॉलपटूने आपल्या पत्नीचे नाव हातावर 'व्हिक्टोरिया' असे गोंदविले. त्यात एक 'ह' जास्तीचा पडला म्हणून वृत्तपत्रांनी त्याची चेष्टा केली. हिंदी वाचकांच्या दृष्टीने ती चूकच; पण मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे नाव मराठी माणूस पिढ्यान् पिढ्या असेच लिहीत आला. त्या बिचाऱ्याला कोणी मराठी शिक्षक भेटला असता तर दहापैकी दहा गुण मिळाले असते!

शुद्धलेखनाची धास्ती संस्कृतात पुरातन आहे. फार काही शिकला नाहीस तरी चालेल, पण व्याकरण शीक, असे एक बाप मुलाला बजावतो, अशी एक जुनी सुभाषितातली कथा आहे. का, तर 'स' चा 'श' झाला की स्वजनांचे, म्हणजे आप्तांचे, श्वजन, म्हणजे कुत्रे होतात. सकलाचे शकल होते आणि 'सकृत्', म्हणजे एकदा, याची चक्क विष्ठा होते. 'शील' हा शब्दही दिसतो तितका निर्धोक नाही. दीर्घ ईकाराची वेलांटी उजवीकडची डावीकडे गेली की 'शिल' होते, आणि संस्कृतात शिल म्हणजे कापणीनंतर शेतात पडलेली कणसे वेचणे. ती वृत्तीही मनूने पवित्रच मानली आहे. पण पोलीस अधिकाऱ्याने हातावर ती का मिरवावी?

पुढची अडचण व्याकरणाची. विभक्तिप्रत्यय लागल्यावाचून शब्द 'पद' होत नाही, आणि पद न झालेला शब्द वापरू नये असा वैयाकरणांचा दंडक. म्हणजे 'शील' हे संस्कृत म्हणून लिहावयाचे तर 'शीलम्' पाहिजे, पाय मोडलेल्या 'म'सह. अनुस्वार देऊन भागणार नाही, कारण पुढे व्यंजन नाही. पण कातडी हा कागद नव्हे. शाई वर्षांगणिक पसरते, बारीक जागा भरून येतात, आणि इवलासा हलन्ताचा तिरका फराटा सर्वांत आधी पुसट होतो. तो गेला की उरते ते 'शीलम', जे ना संस्कृत ना मराठी. मी तिला कळविले की नुसते 'शील' लिही आणि तो मराठी शब्द आहे असे विचारणाऱ्याला खुशाल सांग. पाणिनीचे मी पाहून घेईन.

राहिले स्थान. येथे लोकांची मने फार हळवी असतात. 2015 च्या ऑक्टोबरात बंगलोरला एका ऑस्ट्रेलियन तरुणाच्या नडगीवर येल्लम्मा देवीचे गोंदण पाहून काही लोकांनी त्याला घेरले आणि अखेर त्याच्याकडून माफीपत्र लिहून घेतले. नडगीवर देवी नको ही भावना मला समजते. मी स्वतः ते गोंदण तेथे सुचविले नसते. परंतु ज्या देशात नखशिख रामनामी नांदतात, तेथे शरीराच्या कोणत्या भागावर देव चालेल हे जमावाने रस्त्यात ठरवावे, हे मला मान्य नाही.

सुदैवाने भाचीच्या बाबतीत निर्णय नियमावलीनेच दिलेला होता. सशस्त्र पोलीस दलांच्या वैद्यकीय तपासणीच्या नियमांत गोंदणाचा स्वतंत्र परिच्छेद आहे. ते हाताच्या पंज्याच्या मागे किंवा कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतील बाजूस असावे. आणि तेही डाव्या, कारण उजवा हात सलामीचा. आकार त्या अवयवाच्या चौथ्या हिश्श्याहून कमी. नाव किंवा धार्मिक चिन्ह यांस हरकत नाही. या जागांना नियमात 'पारंपरिक स्थाने' म्हटले आहे, हे वाचून मला आईच्या हातांची आठवण झाली. सैन्यभरतीतही जमातींच्या रूढीनुसार चेहऱ्यावर वा अंगावर असलेल्या गोंदणाचा वेगळा विचार होतो. रुक्ष नियमांतही कधी कधी शहाणपण असते, याची साक्ष माझ्यासारख्याने नाही द्यावयाची तर कोणी?

शेवटी एकच शंका उरली होती, आणि ती इंदूरच्या गोंदणाऱ्याने उपस्थित केली. त्याच्या संगणकात 'श' आणि 'ल' ही दोन्ही अक्षरे हिंदी वळणाची होती. मराठी वळणाचा 'श' आणि मराठी वळणाचा 'ल' कोणता, हे महाराष्ट्र शासनाने 2009 साली निर्णय काढून ठरवून दिले आहे. मी तो निर्णय पाहिला, टाकाने दोन्ही अक्षरे मोठी काढली आणि कागद पाठविला. एक महिनाभर रोज सकाळी हा शब्द पेनाने मनगटाच्या वर लिहावा आणि महिन्यानंतरही तो लिहावासा वाटला तरच सुईकडे जावे, अशी अटही घातली.

तिने ती पाळली. सतरा दिवस लिहिले, तीन दिवस विसरली, पुन्हा लिहिले. दिवाळीत ती आली तेव्हा डाव्या हाताच्या आतल्या बाजूस तीन बोटे रुंदीचा शब्द होता, वेलांटी उजवीकडे. माझ्या आईने चष्मा लावून तो वाचला, त्यावरून अंगठा फिरविला आणि दुखले का, एवढेच विचारले. परीक्षेच्या अर्जात 'ओळखीची खूण' असा एक रकाना असतो. त्यात पूर्वी उजव्या गालावरचा तीळ लिहिलेला होता. भाचीने तो तसाच ठेवला आहे.