स्फटिकापासून फर्मवेअरपर्यंत : वॉकी-टॉकीचं अंतरंग

मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता जिथे मिळतात, त्या द्वारका चौकातून आपण नेहमी जातो. सिंहस्थात तिथल्या पोलिसाला रामकुंडाकडची गर्दी दिसत नाही. त्याला ती हातातल्या वॉकी-टॉकीवर ऐकावी लागते. त्या यंत्राच्या पोटात काय बदलत गेलं, ते आज पाहू.

मोटोरोलाने १९४० साली अमेरिकी सैन्यासाठी हातात धरायचा संच बनवला. त्याची वारंवारिता क्वार्ट्झच्या स्फटिकावर ठरायची. ती बदलायची तर संच उघडा, स्फटिक काढा, दुसरा बसवा. बदल डोळ्यांना दिसायचा.

पुढे हे काम चिपमधल्या नोंदींकडे गेलं. संच केबलने संगणकाला जोडून चॅनेल भरू लागले. २००५ मध्ये डीएमआर हे डिजिटल मानक आलं आणि आवाजाचेही आकडे झाले. इथे दोन गोष्टींची गल्लत नको. कोणत्या चॅनेलवर बोलायचं, हे प्रोग्रामिंग. यंत्राने मुळात वागायचं कसं, हे फर्मवेअर.

ते अद्ययावत का करायचं? २०२३ मध्ये डच संशोधकांनी टेट्रा या प्रणालीतल्या त्रुटी जाहीर केल्या. युरोपात कित्येक ठिकाणी पोलीस हीच प्रणाली वापरतात. काही त्रुटी फर्मवेअर बदलून मिटणाऱ्या होत्या. एका सांकेतिक पद्धतीची ८० बिटांची किल्ली मात्र प्रत्यक्षात ३२ बिटांचीच भरत होती. तिथे पद्धतच बदलणं भाग होतं.

नागसेनाने मिलिंद राजाला विचारलं होतं, रथ म्हणजे नक्की काय? चाक, की आस? आम्हीही विचारतो, वॉकी-टॉकी म्हणजे काय? एकटा संच म्हणजे नुसता डबा. दोन संचांमधला संकेत जुळला, तरच बिनतारी. म्हणून शंभरातला एक संच जुन्या नोंदींवर राहिला, तर तो बिघडलेला दिसत नाही. तो फक्त गप्प बसतो.

२७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. त्याचा दोष आम्ही बिनतारीला देत नाही. पण निरोप वेळेवर पोचण्याची किंमत या शहराला कळते. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. फर्मवेअर त्याची वाट पाहत नाही. तेव्हा जुन्या नोंदींची प्रत ठेवा, बॅटरी पूर्ण भरा, आधी दोन-चार संच बदलून बोलून पाहा, मग सगळे बदला. आणि हे पर्वणीच्या आदल्या रात्री नको, बरेच महिने आधी उरकायला हवं.