सुकट चालते, मग मुंगी का नाही?

आळेफाट्याहून पुण्याला हॉस्टेलवर निघताना आई डब्यात सुकटीची चटणी द्यायची. वास अख्ख्या मजल्यावर जायचा, पण कुणी नाक मुरडायचं नाही. उलट डबा दोन दिवसांत रिकामा व्हायचा. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी माझ्या खोलीत भामरागडकडचा एक माडिया मुलगा होता. एकदा जेवताना तो सहज म्हणाला, "आमच्याकडे लाल मुंग्यांची चटणी करतात." मी म्हणालो, "शी! किडे खाता?" सगळे हसले. त्यानंतर घरच्या जेवणाबद्दल तो कधीच बोलला नाही.

बऱ्याच वर्षांनी या विषयावर वाचायला लागलो, तेव्हा कळलं की माझ्या त्या हसण्याला ना विज्ञानाचा आधार होता, ना इतिहासाचा.

आधी विज्ञान. सुकट म्हणजे वाळवलेला जवळा. जवळा, कोळंबी आणि पावसाळ्यात आमच्याकडे ओढ्यात धरतात ते खेकडे, हे सगळे कवचधारी प्राणी. जनुकांचा अभ्यास सांगतो की कीटक ही याच कवचधारींच्या वंशवृक्षाची एक फांदी आहे. म्हणजे मुंगी ही सुकटीची लांबची चुलत बहीणच.

आता इतिहास. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर 'मानसोल्लास' हा ११३० च्या सुमाराचा संस्कृत ग्रंथ आहे. त्यात जुन्या मराठीच्या खुणा सापडतात, म्हणून आपण त्याचा अभिमान बाळगतो. पण त्याच ग्रंथातल्या राजाच्या स्वयंपाकघरात खेकडे, कासव आणि शेतातले भाजलेले उंदीरही आहेत. आज उंदीर खाणाऱ्यांना काय म्हटलं जातं, ते तुम्हाला माहीत आहे. उंदीर बदलला नाही, ताट कुणाचं हे बदललं.

मुंगीचंही तेच. गडचिरोली, बस्तर, ओडिशा या पट्ट्यात झाडावर पानं जोडून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या, त्यांच्या अंड्यांसकट, मीठ-मिरची घालून वाटतात. बस्तरमध्ये या चटणीला चापडा म्हणतात. मुंग्यांमधल्या फॉर्मिक आम्लामुळे तिला आंबट चव येते. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जगात सुमारे दोन अब्ज लोकांच्या आहारात कीटक असल्याचा अंदाज मांडला. २०२१ मध्ये युरोपीय संघाने भुंगेऱ्याच्या वाळवलेल्या अळ्यांना अन्न म्हणून परवानगी दिली. तिथे पाकिटावर 'प्रोटीन' लिहिलं जातं. भामरागडच्या पोराला मात्र 'शी' ऐकावं लागतं.

जानेवारी २०२४ मध्ये मयूरभंजच्या लाल मुंग्यांच्या चटणीला जीआय मानांकन मिळालं. ती बातमी मी त्याला पाठवली आणि खाली लिहिलं, "त्या दिवशी चुकलो रे."

उत्तर आलं, "तुझ्या आईची सुकट भारी असायची."

तो माझा डबा खायचा. त्याचा डबा चार वर्षांत कधी उघडलाच नाही.