जटिल अपूर्णांक असलेली समीकरणे

ज्या बैजिक समीकरणातील एखाद्या अपूर्णांकाच्या अंशात, छेदात किंवा दोहोंत पुन्हा अपूर्णांक येतो, त्यास जटिल अपूर्णांक असलेले समीकरण म्हणतात. जटिल अपूर्णांक हा पूर्णांकयुक्त अपूर्णांकाहून (उदा. २ १/३) वेगळा असून त्याचा संमिश्र संख्यांशीही संबंध नाही.

उकलीच्या पद्धती

अशी समीकरणे प्रामुख्याने दोन रीतींनी सोडवली जातात.

१. लसावि पद्धत : आतील सर्व छेदांचा लसावि काढून त्याने मुख्य अपूर्णांकाचा अंश व छेद या दोघांनाही गुणतात. त्यामुळे आतील छेद नाहीसे होतात व साधे समीकरण उरते.

२. भागाकार पद्धत : अंश व छेद यांना स्वतंत्रपणे एकेका अपूर्णांकाचे रूप देतात आणि अंशाला छेदाच्या गुणाकार व्यस्ताने गुणतात.

उदाहरण : सरासरी वेग

ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ व बदलापूर ही मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील स्थानके एकमेकांपासून सुमारे ८ किमी अंतरावर आहेत. समजा, एक गाडी अंबरनाथहून बदलापूरला ताशी ६० किमी वेगाने गेली, ताशी क्ष किमी वेगाने परतली आणि दोन्ही फेऱ्यांचा सरासरी वेग ताशी ४० किमी आला. तर,

२ ÷ (१/६० + १/क्ष) = ४०

लसावि ६०क्ष ने अंश व छेद गुणल्यास,

१२०क्ष ÷ (क्ष + ६०) = ४०
१२०क्ष = ४०क्ष + २४००
क्ष = ३०

पडताळा : ८ किमी जाण्यास ८ मिनिटे व येण्यास १६ मिनिटे लागतात, २४ मिनिटांत १६ किमी म्हणजे ताशी ४० किमी. समीकरणात अंतर येत नाही, कारण ते अंश व छेद दोहोंतून निघून जाते. ६० व २० यांची साधी सरासरीही ४० असल्याने परतीचा वेग २० मानण्याची चूक येथे सहज होते. प्रत्यक्षात त्या वेगाने दोन्ही फेऱ्यांचा सरासरी वेग ताशी ३० किमीच भरतो. समांतर जोडणीतील विद्युत रोधाचे समीकरणही याच स्वरूपाचे असते.

त्याज्य उकल

चल असलेल्या राशीने गुणल्यामुळे मूळ समीकरणास न लागू होणारी किंमत उत्तरात शिरू शकते. उदाहरणार्थ,

(क्ष − ९/क्ष) ÷ (१ − ३/क्ष) = ६

अंश व छेद क्ष ने गुणल्यास (क्ष² − ९) ÷ (क्ष − ३) = ६, म्हणजेच क्ष + ३ = ६ व क्ष = ३ मिळते. परंतु क्ष = ३ घेतल्यास मूळ छेद १ − ३/३ = ० होतो. शून्याने भागाकार अर्थहीन असल्याने या समीकरणास उकल नाही. म्हणून आतील वा बाहेरील कोणताही छेद शून्य करणाऱ्या किमती आरंभीच वगळतात. वरील समीकरणात क्ष ≠ ० व क्ष ≠ ३ या अटी आवश्यक आहेत.

इतिहास

राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळातील जैन गणिती महावीराचार्य यांनी इ.स. ८५० च्या सुमारास रचलेल्या 'गणितसारसंग्रह' या ग्रंथात अपूर्णांकांच्या प्रकारांमध्ये 'भागभाग' हा जटिल अपूर्णांकाचा प्रकार सांगितला आहे. छेदांच्या लसाविसाठी त्यांनी 'निरुद्ध' ही संज्ञा वापरली. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) भाजकाचे अंश व छेद उलटवून गुणण्याचा नियम आहे; भागाकार पद्धत याच नियमावर आधारलेली आहे.

हेही पहा

* गुणोत्तर व प्रमाण
* लघुतम सामाईक विभाज्य
* भास्कराचार्य