चित्रफितीत सराउंड ध्वनिपट्टी जोडणे

चित्रफितीच्या फाईलमधील दृश्य न बदलता तिच्यात बहुवाहिनी ध्वनीचा स्वतंत्र ट्रॅक समाविष्ट करण्याच्या प्रक्रियेस सराउंड ध्वनिपट्टी जोडणे असे म्हणतात. तांत्रिक व्यवहारात तिला ‘मक्सिंग’ ही संज्ञा रूढ आहे. प्रत्यक्ष जोडणी काही मिनिटांत होते. खरे कष्ट ध्वनी आणि दृश्य यांचा मेळ शेवटच्या चौकटीपर्यंत राखण्यात असतात.

== पार्श्वभूमी ==
‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या पहिल्या मराठी बोलपटापासून कित्येक दशके मराठी चित्रपटांचा ध्वनी एकवाहिनी, म्हणजे मोनो होता. १९५५ पासून प्रचारात आलेल्या टॉड-एओ पद्धतीत ७० मिमी प्रतीवर सहा चुंबकीय ध्वनिपट्ट्या असत; त्यांपैकी पाच पडद्यामागील ध्वनिक्षेपकांसाठी आणि एक प्रेक्षकांभोवतीच्या ध्वनिक्षेपकांसाठी असे. रमेश सिप्पी यांचा ‘शोले’ (१९७५) ३५ मिमी फिल्मवर चित्रित करून ७० मिमीवर मोठा करण्यात आला आणि त्यास सहा ट्रॅकांचा स्टीरिओफोनिक ध्वनी देण्यात आला. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षे चालला. ७० मिमीची सोय नसलेल्या चित्रपटगृहांसाठी त्याच्या ३५ मिमी प्रती काढाव्या लागल्या. आजच्या फाईलमध्ये मात्र एकाच दृश्यासोबत मोनो, स्टीरिओ व सराउंड असे अनेक ट्रॅक ठेवता येतात. डॉल्बी डिजिटल हा ५.१ वाहिन्यांचा प्रकार १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’पासून चित्रपटगृहांत आला.

== वाहिन्या आणि त्यांचा क्रम ==
५.१ रचनेत डावी, उजवी, मध्य, डावी सराउंड व उजवी सराउंड या पाच पूर्ण वाहिन्या असतात. ‘.१’ ही केवळ खर्ज कंपनांची, सुमारे १२० हर्ट्झपर्यंतची वाहिनी होय. संवाद प्रामुख्याने मध्य वाहिनीत असतात. चित्रपट मिश्रणाच्या जुन्या क्रमात मध्य वाहिनी दुसरी येते, तर वेव्ह फाईलच्या प्रचलित क्रमात ती तिसरी असते. त्यामुळे एका क्रमाची फाईल दुसऱ्या क्रमाने वाचली गेल्यास संवाद उजव्या कोपऱ्यातून ऐकू येतात आणि डाव्या सराउंडचा आवाज खर्जाच्या ध्वनिक्षेपकात जातो. 

== जोडणी ==
यासाठी एफएफएमपेग अथवा एमकेव्हीटूलनिक्स ही मुक्त साधने वापरली जातात. दृश्य ‘कॉपी’ स्वरूपात घेतल्यास ते पुन्हा संकुचित होत नाही आणि गुणवत्ता घटत नाही. मात्रोस्का (एमकेव्ही) या वेष्टनात बहुतेक सर्व ध्वनिप्रकार सामावतात. एमपी४ त्या मानाने काटेकोर आहे. डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटलचा वेग सेकंदाला ४४८ किलोबिटपर्यंत मर्यादित होता, तर या प्रकाराची कमाल मर्यादा ६४० किलोबिट आहे. ट्रॅकवर भाषेचा संकेत व ‘मूळनिर्धारित’ खूण नोंदवली नाही, तर दूरचित्रवाणी संच भलताच ट्रॅक निवडतो.

== कालमेळ ==
आरंभी ध्वनी ठरावीक अंतराने मागे-पुढे असेल, तर विलंबाचे मूल्य देऊन तो सुधारता येतो. हळूहळू वाढत जाणाऱ्या तफावतीचे कारण वेगळे असते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो, पण भारतात वापरल्या गेलेल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीसाठी तो बहुधा २५ चौकटींच्या वेगाने चालवला जाई. त्यामुळे १२० मिनिटांचा चित्रपट ११५ मिनिटे १२ सेकंदांत संपतो आणि सूर सुमारे ०.७ अर्धस्वराने चढतो. अशा प्रतीतील गाणे पेटीच्या कोणत्याच पट्टीशी जुळत नाही. असा ध्वनी २४ चौकटींच्या दृश्याला जोडताना त्याचा वेग त्याच प्रमाणात कमी करावा लागतो. २३.९७६ आणि २४ या वेगांतील फरक तासाला ३.६ सेकंदांचा असतो. पहिल्या काही मिनिटांत तो जाणवत नाही, म्हणून पडताळणी चित्रपटाच्या अखेरच्या भागातही करतात. दार आपटणे किंवा टाळी यांसारखा तीव्र ध्वनी त्यासाठी सोयीचा ठरतो.

== मोनो चित्रपटांचा प्रश्न ==
मोनो ध्वनी सहा वाहिन्यांत पसरवणाऱ्या संगणकीय आज्ञावली उपलब्ध आहेत. एकत्र मुद्रित झालेले संवाद, संगीत आणि पार्श्वध्वनी त्यांतून पूर्णपणे वेगळे होत नाहीत. बहुधा प्रतिध्वनी मागे टाकून विस्ताराचा भास निर्माण केला जातो. खरा सराउंड ध्वनी मिळण्यासाठी मूळ स्वतंत्र ध्वनिपट्ट्या लागतात आणि जुन्या चित्रपटांच्या बाबतीत त्या क्वचितच शिल्लक असतात. म्हणून संग्रहासाठीच्या फाईलमध्ये मूळ मोनो हा पहिला ट्रॅक ठेवून नवे मिश्रण स्पष्ट नावासह दुसऱ्या ट्रॅकवर देणे इष्ट मानले जाते.